युनिव्हर्सिटीची करिअर्स सर्व्हिस: फुकट आहे, वापरा की!
यूकेत फायनल इयरला असाल तर पैसे भरून नोकरीच्या तयारीचं कोचिंग लावायच्या आधी इथे जा. मी गेलो थेट नोव्हेंबरात, तोवर बऱ्याच ग्रॅज्युएट स्कीम्स (नव्या पदवीधरांसाठी कंपन्यांच्या ट्रेनिंगसकट नोकऱ्या) बंद, कारण त्या ऑगस्ट-सप्टेंबरलाच उघडतात आणि जागा भरल्या की काही कंपन्या डेडलाईनआधीच गाशा गुंडाळतात. तिथल्या मॅडमनी माझा सीव्ही वाचून शांतपणे विचारलं, "यात तू नक्की काय केलंस?" सगळीकडे नुसतं 'आम्ही आम्ही' होतं ना! मग स्टार (STAR) पद्धतीने, म्हणजे प्रसंग, जबाबदारी, मी काय केलं आणि परिणाम या क्रमाने, इंटरव्ह्यूची उत्तरं घोटून घेतली. मॉक असेसमेंट सेंटर (कंपन्या उमेदवारांना एकत्र बोलावून घेतात त्या चाचण्यांची रंगीत तालीम) तर एकदम भारी, ग्रुप एक्सरसाइजमध्ये कुणालाच बोलू न देणारा आगाऊ मीच निघालो 😅 शेवटी एक ऑफर आली. व्हिसा स्पॉन्सरशिपचं मात्र कंपनीलाच विचारा, तेही फॉर्म भरायच्या आधी. अपॉइंटमेंटला दोन आठवडे लागले म्हणून रेटिंगमधला अर्धा स्टार कट.