दोन फुटी खाऱ्या टाकीत कोणाला घ्यावे, कोणाला टाळावे

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच मत्स्यटाकीत साधारण 70 लिटर पाणी मावते. वाळू-दगड टाकल्यावर 55 लिटरच्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात क्लाउनफिशची एक जोडी ठेवून बाकीची जागा बिनकण्याच्या प्राण्यांना द्यायची, हा विचार उत्तम आहे. फक्त दुकानात गेल्यावर रंगाला भुलू नका. माझ्या लेखी निकष एकच: हा प्राणी काय खातो, आणि ते त्याला माझ्या टाकीत रोज मिळणार आहे का? भांडखोर प्राणी लवकर ओळखू येतो आणि परत करता येतो. उपाशी प्राणी मात्र कित्येक महिने धडधाकट दिसतो आणि मग थोड्याच दिवसांत संपतो. नवशिक्यांच्या टाक्यांतून कित्येक जीव जातात ते असे.

क्लीनर श्रिंप की बँडेड श्रिंप?

पहिली कोळंबी कोणती घ्यायची, हा प्रश्न बहुतेक वेळा या दोघींपाशी येऊन थांबतो. क्लीनर, म्हणजे लायस्माटा अँबॉइनेन्सिस, पिवळसर अंगाची. पाठीवर लाल पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ आणि लांब पांढऱ्या मिशा. बँडेड, म्हणजे स्टेनोपस हिस्पिडस, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, पुढे लांबलचक नांग्या. रुबाब बँडेडचाच मोठा. पण तिला स्वतःचा इलाखा लागतो आणि 70 लिटरमध्ये तो इलाखा म्हणजे जवळजवळ सगळी टाकीच. अंगाने लहान असलेल्या दुसऱ्या कोळंब्यांना ती मारते. नुकतीच कात टाकून मऊ झालेली कोळंबी तर तिच्या तावडीतून क्वचितच सुटते. दोन बँडेड ठेवायच्या असतील तर त्या नर-मादीच हव्यात. एकाच लिंगाच्या दोन ठेवल्या तर एक मरेपर्यंत झुंजतात. वयात आलेल्या मादीच्या अंगातून निळसर-हिरवा अंडाशय दिसतो. दुकानदार ‘जोडी आहे’ म्हणाला तरी तो रंग आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या.

क्लीनरच्या बाबतीत ही भानगड नाही. ती आधी नर असते आणि मोठी झाल्यावर एकाच वेळी नर-मादी दोन्ही होते, त्यामुळे कुठल्याही दोन घेतल्या तरी जोडी जमते. पोटाखाली हिरवट अंड्यांचा पुंजका दिसू लागतो. पिल्ले टाकीत वाचत नाहीत, ती माशांच्या पोटात जातात, पण सोहळा बघण्यासारखा असतो. खाण्याचीही अडचण नाही: माशांना टाकलेले गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), गोळ्यांचे उरलेले कण, सगळे चालते. पाण्यात हात घातला की पुढच्या बारीक पायांनी नखाच्या कडा खरवडायला येते. छोट्या टाकीत माणसाशी इतकी सलगी करणारा प्राणी मला तरी दुसरा माहीत नाही. दोन क्लीनर घ्या आणि बँडेडचा मोह सोडा, असे मी निःशंकपणे सांगेन.

एक सकाळ मात्र अशी येईल की वाळूवर कोळंबी निपचित पडलेली दिसेल: मिशा, पाय, डोळ्यांवरची टोपणे, सगळे जागच्या जागी. उचलून पाहिलीत तर आतून पोकळ. ती कात असते. खरी कोळंबी दगडाच्या कपारीत लपलेली असते आणि कवच घट्ट होईपर्यंत बाहेर येत नाही. कात लगेच काढून टाकू नका. टाकीतलेच प्राणी ती खातात.

एप्टेशिया नावाची उपद्रवी छोटी समुद्रफुले वाढली असतील तर पेपरमिंट श्रिंप कामाची, क्लीनरशी तिचे जमते. फक्त तिच्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात पडू शकते. पाठीला कुबड, मोठे डोळे आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती कॅमल. ती मऊ प्रवाळ कुरतडते.

शंख की हर्मिट क्रॅब?

शेवाळ खायला दोघेही येतात. हर्मिट, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, गमतीदार, सतत हालचाल करणारा, मुलांना आवडणारा. पण अंग वाढले की त्याला नवे घर लागते आणि रिकामा शंख नसेल तर तो जिवंत शंखातल्या गोगलगाईला मारून तिचे घर बळकावतो. टाकीत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख ठेवले तर हे कमी होते, पूर्ण थांबत नाही. म्हणून एवढ्या टाकीसाठी माझा कौल गोगलगाईंना. घ्यायचाच असेल तर लहान जातीचा एखादा हर्मिट पुरे. मोठ्या डाव्या नांगीचे डार्डानस जातीचे नकोत, ते वाढून सगळ्यांना भारी पडतात.

गोगलगाईंतही फरक आहे. टर्बो हिरवे शेवाळ झपाट्याने संपवते, आणि संपले की उपाशी मरते. शिवाय वाटेतले सुटे दगड पाडत जाते. सेरिथ सावकाश काम करते, पण काच, दगड आणि वाळू तिन्ही ठिकाणी चरते, म्हणून तिचे पोट भरते. नासारियस शेवाळाला तोंड लावत नाही, ती उरलेले मांस खाते. दिवसभर वाळूत गाडलेली असते, वर फक्त सोंडेसारखी नळी. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की वास लागून काही क्षणांत वाळू ठिकठिकाणी फुटते आणि साऱ्या जणी बाहेर येतात. चार-पाच सेरिथ आणि तीन नासारियस एवढ्या टाकीला पुरतात.

परदेशी याद्यांत ट्रोकसचे नाव वर असते. आपल्याकडे जरा थांबा: ट्रोकस निलोटिकस हा शंख 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घेतला गेला. त्याच वर्षी सगळे कठीण प्रवाळ, सी-फॅन (पंख्यासारखे पसरलेले प्रवाळ) आणि सगळ्या समुद्री काकड्याही आल्या. प्रवाळाचा मेलेला तुकडा विकणे हाही गुन्हाच. तेव्हा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून खऱ्या प्रवाळाचा दगड कोणी देऊ केला तर नको म्हणा. सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड घ्या, पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यांवरही बसतात. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून प्राणी उचलून आणण्याचा विचारही नको. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या केंद्रात शोभेच्या लहान कोळंब्या पैदा होतात आणि बेटावरच्या बायका त्या वाढवतात. दुकानात कोळंबी निवडताना ती पैदास केलेली की समुद्रातून पकडलेली, हे जरूर विचारा.

तारामासा, समुद्रफूल वगैरे

निळा लिंकिया तारामासा पाहिला की कोणाचेही मन हलते. मी स्पष्ट सांगते, या टाकीत तो घेऊ नका. तो दगडांवरच्या सूक्ष्म थरावर जगतो आणि 70 लिटरच्या टाकीत तो थर त्याला पुरत नाही. वाळू चाळणाऱ्या तारामाशाचेही तेच. लाल किंवा काळ्या गाठींचा तारामासा उलट टोकाचा: तो प्रवाळापासून गोगलगाईंपर्यंत सगळे खातो. यांच्याऐवजी लहान ब्रिटल स्टार घ्या. पातळ लवचीक बाहू, दिवसा कपारीत, रात्री बाहेर, आणि खाणे म्हणजे पडलेले अन्नकण. फक्त मोठा हिरवा ब्रिटल स्टार ओळखून टाळा, तो रात्री झोपलेले मासे धरतो. हार्लेक्विन श्रिंप फक्त तारामासेच खाते. तिच्यासाठी दर काही दिवसांनी एक जीव विकत आणावा लागतो.

समुद्रफुलाचा, म्हणजे अ‍ॅनिमोनचा, हट्ट बहुतेक क्लाउनफिशमुळे धरला जातो. पण क्लाउनफिशला ते लागतेच असे नाही. समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि किमान सहा महिने जुनी, स्थिर टाकी लागते. ते पसंत पडेपर्यंत टाकीभर फिरते, वाटेत प्रवाळांना डंख करते आणि पंपाच्या जाळीत अडकून फाटले तर एका रात्रीत एवढेसे पाणी सडवते. त्याऐवजी मश्रूम किंवा लेदर जातीचे मऊ प्रवाळ घ्या. ते जागा सोडत नाहीत आणि साध्या प्रकाशातही तग धरतात. झोअँथिड, म्हणजे दगडावर झुबक्याने वाढणारे छोट्या फुलांसारखे जीव, सुंदर असतात, पण काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे घातक विष असते. हातमोज्यांशिवाय हाताळू नका आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका.

कुठलीही निवड केली तरी दोन गोष्टी सांभाळा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर देतात त्या औषधांत अनेकदा तांबे असते, आणि ते कोळंबी-गोगलगाईंना जीवघेणे ठरते. आजारी माशाला वेगळ्या टाकीत काढूनच औषध द्या. दुसरी गोष्ट एप्रिल-मेची. आपल्याकडे पाणी 30 अंशांच्या वर सहज जाते, त्यात प्राणवायू कमी होतो. पंखा लावला तर पाणी उडते आणि क्षार वाढतो. रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरा, खारे पाणी त्यात घालू नका, आणि घनता 1.025च्या आसपास ठेवा. नवा प्राणी आणला की टाकीचे पाणी थेंबाथेंबाने त्याच्या पिशवीत सोडा, तासभर तरी. माशांपेक्षा ही मंडळी क्षाराच्या झटक्याला फार लवकर बळी पडतात.

क्लाउनफिशच्या जोडीला आणखी मासा हवा असेल तर गोबी चालेल. हॉकफिश, पफर आणि ट्रिगर आणलेत तर वरची सगळी निवड त्यांच्या पोटात जाईल.