‘आलोको उदपादी’ : तालपत्रांवर उतरलेले त्रिपिटक

तोवर केवळ पाठांतराच्या बळावर टिकून राहिलेले त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचा पाली धर्मग्रंथसंग्रह, इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहार येथे भिक्खूंनी प्रथमच लिहून काढले. चत्र वीरमन आणि भारत हेट्टिआरच्ची यांनी दिग्दर्शित केलेला ‘आलोको उदपादी’ (2017) हा सिंहली चित्रपट याच घटनेवर बेतलेला आहे. कोल्हापुरातील काही सिनेरसिकांसमवेत तो इंग्रजी उपशीर्षकांसह पाहण्याचा योग आला.

राजा वळगंबा गादीवर आल्यावर काही महिन्यांतच दक्षिण भारतातून आलेल्या आक्रमकांनी राजधानी अनुराधपूर घेतले आणि इ.स.पू. 89 मध्ये राज्य परत मिळेपर्यंत सुमारे 14 वर्षे त्याला लपूनछपून काढावी लागली. त्यातच भीषण दुष्काळ पडला. परंपरा मौखिक असल्यामुळे भिक्खूंचा भूकबळी म्हणजे ग्रंथाचाच अंत ठरण्याची भीती होती. बसण्याचेही त्राण न उरलेले भिक्खू वाळूवर डोक्याला डोके लावून पडत आणि तशा स्थितीतही पाठ घोळवत राहत, असे अट्ठकथा, म्हणजे त्रिपिटकावरील पाली टीकाग्रंथ, सांगतात. त्रिपिटकातला ‘महानिद्देस’ हा ग्रंथ तर एकाच भिक्खूला मुखोद्गत उरला होता आणि त्याचे आचरण धड नसतानाही इतरांना तो त्याच्याकडूनच शिकून घ्यावा लागला. ज्या विषयाच्या पोटात इतके नाट्य आहे, त्याला तलवारींच्या खणखणाटाची फारशी गरज नसते.

चित्रपटाची भिस्त मात्र भव्यतेवर आणि संगणकीय दृश्यांवर अधिक आहे. बाबूराव पेंटरांच्या गावातल्या प्रेक्षकाची नजर आधी नेपथ्याकडे आणि कपडेपटाकडे जाते, आणि या दोन्ही बाबतींत मेहनत नाकारता येत नाही; तरीही संगणकावर उभे केलेले नगर डोळ्यांत भरते तेवढे मनात उतरत नाही. भिक्खूंची चिवट शांतता राजाच्या संघर्षापेक्षा अधिक काळ लक्षात राहते. आक्रमकांच्या चित्रणात महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन पाली इतिवृत्ताचीच दृष्टी जशीच्या तशी स्वीकारल्यामुळे त्यांना माणूस म्हणून फारसा वाव मिळालेला नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली.

लेखनाच्या प्रत्यक्ष कारागिरीवर कॅमेरा आणखी रेंगाळायला हवा होता. उकडून वाळवलेल्या तालपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, वरून तेलात कालवलेली काजळी चोळायची आणि पान पुसून घ्यायचे, म्हणजे केवळ कोरलेल्या रेषांत काळा रंग बसून मजकूर उमटतो. हे काम शेकडो पानांवर चालले असेल, याची कल्पनाच रोमांचक आहे.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातील सातवाहनकालीन वस्तू तिथल्याच टाउन हॉल संग्रहालयात पाहिलेल्यांना आणि जोतिबाजवळची पोहाळे लेणी ठाऊक असलेल्यांना हा काळ परका वाटणार नाही. उपशीर्षके भराभर सरकतात, तेव्हा वळगंबाची कथा आधी थोडी वाचून मगच चित्रपटाला बसावे. लढायांची हौस असलेल्यांपेक्षा धम्माच्या इतिहासात रस असलेल्यांना तो अधिक काही देईल.