सी-शार्पमध्ये प्रत्येक वॉर्निंगची तीव्रता स्वतंत्रपणे ठरवणे : काही महिन्यांच्या वापरानंतर

सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा कम्पायलर संशयास्पद कोडबद्दल वॉर्निंग देतो; वॉर्निंगने बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होणे, थांबत नाही, एररने थांबते. ‘सगळ्या वॉर्निंग एरर समजा’ ही सरसकट सेटिंग काढून एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये (कोडचे नियम लिहून ठेवण्याच्या फाइलमध्ये) एकेका वॉर्निंगची तीव्रता ठरवायला आम्ही सुरुवात केली, त्याला आता काही महिने झाले आहेत आणि जुन्या पद्धतीकडे परतावे असे टीममधील कोणालाही वाटत नाही.

सर्वांत मोठा फायदा सीएस४०१४ या क्रमांकाची वॉर्निंग एरर केल्याने झाला. असिंक मेथडमध्ये (लांबणाऱ्या कामासाठी थ्रेड अडवून न ठेवणाऱ्या मेथडमध्ये) एखादा कॉल अवेट न करता, म्हणजे तो पूर्ण होण्याची वाट न पाहता, सोडला की ही वॉर्निंग येते. नोंद साठवणारा कॉल असा सुटला, तर त्यात उद्भवलेले एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना आलेली चूक) मूळ मेथडपर्यंत पोहोचत नाही. वापरकर्त्याला ‘नोंद जतन झाली’ असे दिसते आणि डेटाबेसमध्ये काहीच नसते. एवढी गंभीर गोष्ट इतर वॉर्निंगच्या गर्दीत ठेवणे मला अजिबात पटत नाही. शिवाय ज्या प्रोजेक्टमध्ये बदल झालेला नाही तो पुढच्या बिल्डमध्ये पुन्हा कम्पाइल होत नाही, त्यामुळे त्याच्या वॉर्निंगही दिसेनाशा होतात आणि सारे आलबेल असल्याचा समज होतो. एरर मात्र दुरुस्त केल्याशिवाय बिल्ड पुढे जाऊच देत नाही.

याउलट कालबाह्य मेथडच्या वापराबद्दलची सीएस०६१८ आम्ही जाणीवपूर्वक वॉर्निंगच ठेवली आहे. ती एरर केली, तर लायब्ररीची नवी आवृत्ती घेताच बिल्ड अडतो आणि मग सुरक्षेसाठी आवश्यक असलेले अपग्रेडही लोक पुढे ढकलू लागतात.

तीव्रतेची ‘सजेशन’ (नुसती सूचना) ही पातळी वापरताना सावध राहावे. ती एडिटरमध्ये दिसते, पण कमांड लाइनवरच्या बिल्डमध्ये सहसा दिसत नाही. म्हणून बिल्ड सर्व्हरने जे अडवायलाच हवे ते तिथे ठेवू नये. लेखनशैलीच्या नियमांसाठी ती उत्तम आहे.

फोल्डरनुसार वेगळी तीव्रता देता येते, ही सोय जुन्या कोडसाठी फार मोलाची आहे. नल, म्हणजे कशाकडेच निर्देश न करणाऱ्या, संदर्भाच्या संभाव्य वापराविषयीची सीएस८६०२ नव्या मॉड्यूलमध्ये एरर आणि जुन्या भागात वॉर्निंग अशी ठेवल्याने नवा कोड स्वच्छ राहतो आणि जुना सवडीने सुधारता येतो. ‘नन’ लिहून वॉर्निंग पूर्ण बंद करायची असेल, तर त्या ओळीच्या वर कारण लिहिलेच पाहिजे, असा आग्रह आम्ही कोड रिव्ह्यूमध्ये धरतो. आणि अडचण एकाच ठिकाणी असेल तर एडिटरकॉन्फिग फाइलला हात न लावता तेवढ्या ओळींपुरता प्राग्मा (कोडमध्येच लिहिलेली कम्पायलरसाठीची सूचना) वापरतो.