नेस्टेड प्रयोगांसाठी एलएमई४: अंदाजात भरवशाचे, चाचणीत जपून वापरावे असे

प्रयोगातील एकके एकात एक बसलेली, म्हणजेच नेस्टेड, असली की विश्लेषणाचा सगळा भार एका प्रश्नावर येऊन पडतो: उपचार नेमका कोणत्या पातळीवरच्या एककाला दिला गेला? औषध प्राण्याला दिले आणि मोजमाप त्याच्या पेशींवर घेतले, तर प्रायोगिक एकक प्राणी ठरतो, पेशी नव्हे. दोन गट, प्रत्येक गटात ३ प्राणी आणि प्रत्येक प्राण्याच्या ५० पेशी अशी रचना घेतली, तर तक्त्यात ३०० ओळी दिसतात. परंतु दोन गटांची तुलना केवळ ६ प्राण्यांवर उभी असते आणि तिच्या वाट्याला ४ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा (तुलनेसाठी हाती असलेल्या स्वतंत्र माहितीचे माप), येतात. पेशी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालले तर या मात्रा २९८ होतात आणि टी-चाचणीचा ५ टक्के पातळीवरचा दुतर्फी उंबरठा २.७८ वरून १.९७ वर उतरतो. त्याहून मोठे नुकसान प्रमाण त्रुटीचे, म्हणजे अंदाज किती डळमळू शकतो याच्या मापाचे, होते. एकाच प्राण्याच्या पेशींमधला सहसंबंध फक्त ०.२ असला, तरी फरकाचा व्हेरिअन्स (विखुरणीचे माप; येथे प्रमाण त्रुटीचा वर्ग) दहापटीहून अधिक कमी लेखला जातो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरविज्ञानातील प्रयोगांच्या संदर्भात या प्रकाराला आभासी पुनरावृत्ती असे नाव दिले. तेव्हापासून तो सर्वांना ठाऊक आहे आणि तरीही सर्वत्र आढळतो.

त्यामुळे नेस्टेड रचनेसाठी सॉफ्टवेअर पारखताना त्यात किती चाचण्या आहेत किंवा आलेख किती देखणे निघतात, हे मी दुय्यम मानतो. प्रयोगाची रचना त्याला स्पष्टपणे सांगता येते का, सांगितलेले त्याला बरोबर समजले की नाही हे तपासता येते का, आणि ते चाचणी किती स्वातंत्र्यमात्रांवर करतो, या तीन गोष्टींवर माझा अभिप्राय ठरतो. या कसोटीवर येथे प्रामुख्याने आर या संख्याशास्त्रीय गणनेच्या मुक्त प्रणालीतील एलएमई४ हे पॅकेज तपासले आहे. डग्लस बेट्स, मार्टिन मेखलर, बेन बोल्कर आणि स्टीव्हन वॉकर यांचे हे काम असून त्याचे सविस्तर विवेचन २०१५ मध्ये संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरला वाहिलेल्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पॅकेज विनामूल्य आहे, त्याची संहिता कोणालाही वाचता येते, आणि मिश्र प्रतिमाने (उपचारासारखे स्थिर परिणाम आणि प्राण्यासारखे यादृच्छिक घटक एकत्र मांडणारी) वापरणाऱ्यांमध्ये ते आज जवळजवळ गृहीतच धरले जाते.

रचना सांगण्याची त्याची पद्धत हा त्याचा पहिला गुण. एलमर या मुख्य फलनाच्या सूत्रात यादृच्छिक घटक कंसात लिहितात. उभ्या रेघेच्या डावीकडे काय बदलते ते आणि उजवीकडे कोणत्या गटांनुसार बदलते ते. पॅकेजसोबत येणारा पेस्ट्स नावाचा विदासंच नेस्टेड रचनेचा स्वच्छ नमुना आहे. एका रासायनिक लगद्याच्या १० खेपा, प्रत्येक खेपेतील ३ पिंपे आणि प्रत्येक पिंपाच्या २ चाचण्या, अशी ताकदीची ६० मोजमापे त्यात आहेत. उभ्या रेघेपुढे खेप, तिरकी रेघ, पिंप असे लिहिले की एलमर त्याचे दोन घटकांत विभाजन करतो: खेप, आणि खेपेच्या आतले पिंप. उत्तर क्षणात येते. पिंपांमधील प्रमाण विचलन २.९०, खेपांमधील १.२९ आणि चाचणीतील उरलेले ०.८२. वर्ग करून पाहिले तर एकूण व्हेरिअन्सपैकी सुमारे ७८ टक्के वाटा पिंपांचा, १५ टक्के खेपांचा आणि जेमतेम ६ टक्के चाचणीचा निघतो. प्रत्येक पिंपाच्या दोनाऐवजी चार चाचण्या घेऊन येथे फारसे काही हाती लागणार नाही, अधिक पिंपे उघडावी लागतील, हे या तीन आकड्यांवरून लगेच कळते. पुढचा प्रयोग आखणाऱ्याला पी-मूल्यापेक्षा (परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) या माहितीचा उपयोग कितीतरी अधिक असतो.

हाच विदासंच एलएमई४चा पहिला सापळाही दाखवतो. पिंपांची नावे प्रत्येक खेपेत ए, बी, सी अशी पुन्हा पुन्हा येतात. तिरकी रेघ न वापरता खेप आणि पिंप असे दोन सुटे घटक लिहिले, तर पहिल्या खेपेचे ए पिंप आणि सातव्या खेपेचे ए पिंप ही एकच वस्तू आहे असे सॉफ्टवेअर समजते. ते तक्रार करत नाही, कारण तशी छेदित रचना, म्हणजे तेच एकक सर्व गटांत येणारी, एखाद्या दुसऱ्या प्रयोगात अगदी योग्य असू शकते. खूण एकच उरते: निकालाच्या खाली छापली जाणारी गटांची संख्या. तेथे पिंपांपुढे ३० ऐवजी ३ दिसले की रचना चुकीची पोहोचली आहे असे समजावे. एलएमई४ ही ओळ न मागता छापते, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र विदा भरतानाच प्रत्येक एककाला स्वतःचे वेगळे नाव देणे हा त्याहून चांगला उपाय. मग सूत्र कसेही लिहिले तरी अर्थ बदलत नाही.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे, कारण तेथे तिरकी रेघच घात करते. प्राणी उपचारगटांच्या आत आहेत म्हणून अनेक जण यादृच्छिक भागात उपचार, तिरकी रेघ, प्राणी असे लिहितात आणि उपचार स्थिर परिणाम म्हणूनही सूत्रात ठेवतात. अशाने उपचार दोन्हीकडे येतो. स्थिर परिणामाने गटांमधला सगळा फरक आधीच उचललेला असतो, म्हणून उपचाराच्या यादृच्छिक व्हेरिअन्सबद्दल विदेत काही माहितीच उरत नाही आणि त्याच्यापुढे छापलेल्या आकड्याला, तसेच त्यावरून आलेल्या प्रमाण त्रुटीला, अर्थ राहत नाही. प्राण्यांना वेगवेगळी नावे देऊन यादृच्छिक भागात फक्त प्राणी लिहिणे एवढेच येथे पुरे असते. या जागी पॅकेजने वापरकर्त्याला ठळकपणे सावध करायला हवे होते असे माझे मत आहे.

आता चाचणीकडे. एलमर स्वतः पी-मूल्य देत नाही, आणि ही उणीव राहून गेलेली नाही, ठेवलेली आहे. असंतुलित विदेत (गटागटांत मोजमापांची संख्या सारखी नसेल तर) किंवा गुंतागुंतीच्या रचनेत टी आणि एफ या चाचणी-संख्यांचे वितरण नेमके कोणते, हे सर्वसाधारणपणे ठाऊक नसते; खोटी अचूकता छापण्यापेक्षा काही न छापणे बरे, अशी भूमिका बेट्स यांनी मे २००६ मध्ये जाहीरपणे मांडली आणि ती सोडली नाही. तात्त्विकदृष्ट्या ती मला मान्य आहे. व्यवहारात मात्र संशोधनपत्रिकेला पी-मूल्य हवेच असते, म्हणून बहुतेक जण एलमर-टेस्ट हे २०१७ मध्ये शास्त्रीय लेखातून मांडले गेलेले जोडपॅकेज वापरतात. ते फ्रँकलिन सॅटर्थवेट यांच्या १९४६ मधील पद्धतीने स्वातंत्र्यमात्रांचा अंदाज काढते आणि निकालात त्यांचा वेगळा स्तंभ छापते. केनवर्ड आणि रॉजर यांची १९९७ मधील सुधारित पद्धतही पीबीकेआरटेस्ट या पॅकेजच्या आधारे उपलब्ध होते.

संतुलित रचनेत आणि प्राण्यांचा व्हेरिअन्स शून्याहून मोठा निघाला असता हा स्तंभ अपेक्षेप्रमाणे ४ दाखवतो. असंतुलित विदेत ३.७ सारखी अपूर्णांकी संख्या येते आणि तीही समजण्यासारखी असते. अडचण येते ती प्राण्यांच्या व्हेरिअन्सचा अंदाज नेमका शून्यावर टेकतो तेव्हा. एलमर व्हेरिअन्स ऋण होऊ देत नाही, त्यामुळे प्राणी कमी असलेल्या प्रयोगात हे वारंवार घडते. प्राण्यांमध्ये खरोखर फरक नाही असा याचा अर्थ होत नाही. सहा प्राण्यांवरून तो फरक मोजता आला नाही, एवढाच होतो. परंतु सॅटर्थवेटच्या गणितात शून्यावर टेकलेला हा घटक पूर्णपणे गळून पडतो, स्वातंत्र्यमात्रा ४ वरून थेट २९८ च्या घरात उडी घेतात, आणि जो दोष टाळण्यासाठी मिश्र प्रतिमान निवडले तोच दोष मागच्या दाराने परत येतो. प्रतिमान सीमेवर एकवटल्याची एका ओळीची सूचना तेवढी दिसते. तिच्याखालचे पी-मूल्य नेहमीच्याच ठामपणे छापलेले असते. एलएमई४ आणि एलमर-टेस्ट या जोडीबद्दल माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे, आणि स्वातंत्र्यमात्रांचा स्तंभ न पाहता केवळ शेवटचा स्तंभ वाचणाऱ्याला ती कधीच जाणवणार नाही.

गंमत अशी की आरमध्येच कितीतरी जुने एओव्ही हे फलन येथे अधिक सुरक्षित ठरते. एरर या पदात प्राणी लिहिला की ते पातळ्यांनुसार अनोव्हाचे, म्हणजे व्हेरिअन्सच्या विभागणीचे, वेगवेगळे तक्ते मांडते, आणि उपचाराची तुलना प्राण्यांच्या पातळीवरच्या सरासरी वर्गाशी, ४ स्वातंत्र्यमात्रांवर करते. प्राण्यांचा फरक पेशींच्या फरकापेक्षा लहान निघाला तरी हिशेब बदलत नाही. याहून सोपा मार्गही आहे. प्रत्येक प्राण्याच्या पेशींची सरासरी काढून त्या ६ सरासऱ्यांवर साधी टी-चाचणी केली, तर संतुलित विदेत तेच उत्तर येते, आणि त्याचे स्पष्टीकरण परीक्षकाला एका वाक्यात देता येते. पेशींच्या संख्या प्राण्यागणिक फार वेगळ्या असतील, मधल्या पातळ्या वाढल्या असतील किंवा पेशीच्या पातळीवरही एखादा चल मोजलेला असेल, तर मात्र एओव्हीचे तक्ते विस्कळीत होतात, सरासऱ्यांचे वजन सारखे राहत नाही आणि एलमरला पर्याय उरत नाही.

व्यापारी सॉफ्टवेअरपैकी सॅसमधील प्रॉक मिक्स्ड या बाबतीत विचारपूर्वक बांधलेले आहे. केनवर्ड-रॉजर पद्धत एका पर्यायाने लागू होते, आणि व्हेरिअन्सवरची शून्याची मर्यादा उठवण्याचीही सोय आहे. ऋण व्हेरिअन्स छापलेला पाहून नवख्या वाचकाला धक्का बसेल, पण चाचणी त्यामुळे योग्य पातळीवर टिकते. जंपमध्ये हीच मोकळीक मुळातच चालू असते. शिवाय तेथे प्रतिमान मांडताना नेस्ट असे स्वतंत्र बटण आहे आणि पिंप चौकोनी कंसातल्या खेपेसह दिसते, त्यामुळे काय कशाच्या आत आहे हे वाचताना गोंधळ होत नाही. रचना सांगण्याच्या सोयीत जंपला मी एलएमई४च्या वर ठेवीन. मिनिटॅबमध्ये पूर्णतः नेस्टेड अनोव्हाचा स्वतंत्र पर्याय आहे. तो सर्व घटक यादृच्छिक मानतो, म्हणून पेस्ट्ससारख्या विदेला उत्तम, स्थिर उपचार असलेल्या प्रयोगाला अयोग्य. ग्राफपॅड प्रिझममध्ये आठव्या आवृत्तीपासून नेस्टेड तक्ते आले, आणि ज्यांना सूत्र लिहायचेच नाही अशा प्रयोगशाळांची त्यामुळे मोठी सोय झाली. तक्त्याच्या आकारातच रचना सांगितली जात असल्याने एककांची नावे गोंधळण्याची शक्यताही कमी. मात्र पातळ्या वाढल्या की त्याची मर्यादा लवकर येते.

एलएमई४च्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. व्हेरिअन्स घटकांच्या प्रमाण त्रुटी ते छापत नाही, कारण अशा अंदाजांचे वितरण बहुधा एका बाजूला कललेले असते आणि अंदाज अधिक-उणे दोन प्रमाण त्रुटी हा हिशेब तेथे लागू पडत नाही. त्याऐवजी प्रोफाइल पद्धतीने विश्वासांतर, म्हणजे विदेशी सुसंगत अशा मूल्यांचा पल्ला, काढता येते. पेस्ट्समध्ये खेपांच्या प्रमाण विचलनाचे ९५ टक्के विश्वासांतर शून्यापासून सुरू होऊन सुमारे २.९ पर्यंत जाते, म्हणजे १.२९ हा आकडा एकट्याने वाचण्याजोगा नाही, हे येथे लपत नाही. दहा खेपांवरून खेपांमधला फरक याहून नेमका सांगता येत नाही, आणि तीन-चारच खेपा असतील तर अंतर आणखी रुंद होते. निरनिराळ्या गटांत अवशिष्ट, म्हणजे शेवटी उरलेला, व्हेरिअन्स वेगळा असण्याची शंका असेल, तर त्याच परंपरेतील जुने एनएलएमई हे पॅकेज अधिक लवचीक आहे.

मोजमाप मोजणीचे (किती नग) किंवा होय-नाही स्वरूपाचे असेल, तर एलमरऐवजी त्याच पॅकेजमधील जीएलमर वापरावा लागतो आणि तेथे वरचे बरेचसे संरक्षण सुटते. एलमर-टेस्टची सॅटर्थवेट पद्धत त्याला लागू होत नाही. निकालात झेड-मूल्ये येतात आणि ती गटांची संख्या भरपूर असल्याचे गृहीत धरतात. सहा प्राण्यांवर हे गृहीतक टिकत नाही. अशा वेळी पीबीकेआरटेस्टमधील प्राचलिक बूटस्ट्रॅप वापरणे मी अधिक योग्य समजतो: उपचाराचा परिणाम नसलेल्या प्रतिमानातून पुन्हा पुन्हा विदा निर्माण करून दोन्ही प्रतिमाने बसवायची आणि मिळालेला फरक त्या वितरणात कोठे पडतो ते पाहायचे. याला वेळ लागतो आणि काही नमुन्यांत प्रतिमान एकवटत नाही. त्यांची संख्या निकालासोबत नोंदवावी.