मुलाखत घरून द्यावी की मुंबईला जाऊन?

कंपनीने दोन्ही पर्याय खुले ठेवल्यामुळे राजापूरची माझी भाची पेचात पडली आहे. खर्चाच्या दृष्टीने घरून दिलेली मुलाखत उघडच स्वस्त पडते. भरवशाचे मात्र तसे नाही: पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बोलणे मध्येच तुटले की पुन्हा सूर जुळवताना उमेदवाराचीच दमछाक होते. रेल्वेही निर्धोक नाही, कारण पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात. त्यामुळे रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने पहाटे उतरून त्याच सकाळी मुलाखतीला बसण्यापेक्षा आदल्या दिवशीच पोहोचून नातेवाइकांकडे मुक्काम करावा. (मुंबईत कोकणातल्या माणसाचा एखादा काका असतोच.) छाप पाडण्याच्या बाबतीत प्रत्यक्ष भेट उजवी ठरते, कारण उत्तर लांबले की नेमके बसले हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून लगेच कळते; पडद्यावर ते अवघड जाते आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलण्याचा सरावही मुद्दाम करावा लागतो. पहिल्या चाळणी फेरीसाठी, किंवा काम घरूनच करायचे असल्यास, घरची मुलाखत पुरेशी आहे. फक्त इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड हाताशी असावे. अंतिम फेरी असेल, किंवा कामाचे स्वरूप लोकांत वावरण्याचे असेल, तर मुंबई गाठावी.