नाण्यावरचा मुलामा ओळखायला चुंबक की वजनकाटा?

१९४३ साली युद्धामुळे अमेरिकेने एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्त चढवलेल्या पोलादात पाडलं. चुकून कांस्यात पडलेली काही मोजकी नाणी आज लाखो डॉलरला जातात. म्हणून टांकसाळीबाहेर कुणी साध्या पोलादी सेंटवर तांबं चढवतं. इथे चुंबक राजा आहे. फ्रिजवरचा चुंबक लावला की पोलादी नाणं टक्कन चिकटतं, कांस्याचं चिकटत नाही, विषय संपला.

पण सोन्याच्या मुलाम्यापुढे हाच चुंबक हात टेकतो. १८८३ च्या पाच सेंटच्या, निकेल म्हणतात त्या नाण्यावर 'सेंट्स' हा शब्दच नव्हता, नुसता रोमन पाच. लोकांनी त्याला सोन्याचं पाणी देऊन पाच डॉलरचं म्हणून खपवलं. नाव निकेल, पण त्यात तीन चतुर्थांश तांबं. त्यामुळे ते चुंबकाला चिकटत नाही आणि सोनंही चिकटत नाही. काट्यावर मात्र लगेच उघडं पडतं: हे ५ ग्रॅम, खरं सोन्याचं ८.३६. आकार जवळपास सारखाच, तळहातावर घेतलं तरी हलकं लागतं.

तांबं चढवलेला सेंटही काटा पकडतोच: कांस्याचा ३.११ ग्रॅम, पोलादी साधारण २.७. म्हणून एकच घ्यायचं तर मी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घेईन. चुंबक काय, घरात असतोच.

१९४८ च्या सेंटमधला ८ कोरून ३ केला असेल, तर मात्र दोन्ही गप्प, कारण तो सेंटही कांस्याचाच. तिथे भिंग घ्या आणि त्या ३ ची शेपटी बघा.