कडबा कुट्टी यंत्राचे नऊ महिने: वैरण वाचली, पण किती बारीक कापायची ते उशिरा कळलं

पोळ्याच्या आधी घेतलेलं यंत्र गेले नऊ महिने रोज चालतंय. तीन एचपीची सिंगल फेज मोटर, रोलरने चारा आत ओढणारं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचा कोठा आहे. बैलजोडी, दोन गवळाऊ गाई, एक म्हैस आणि एक कालवड.

आधी वैरणीचं सांगतो. अख्खी पेंडी टाकली की ढोरं पाला ओरबाडून खातात आणि जाड धांडे पायाखाली घेतात. रोज सकाळी टोपलंभर धांडे उकिरड्यावर जायचे. सहा जनावरांना दिवसाला बारा पेंड्या लागत, आता आठ-नऊ पुरतात. सोयाबीन आल्यापासून आमच्या भागात ज्वारी पेरणारे मोजकेच उरले, कडबा मागेल त्या भावात घ्यावा लागतो. अशा वेळी रोजच्या तीन पेंड्या फार मोठ्या वाटतात. सोयाबीन-तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, मुळात बारीक असतं, ते यंत्रात घालायची गरजच नाही. नुसतं कुट्टीत कालवतो.

सुरुवातीचे तीन महिने माझी समजूत अशी की जितकं बारीक तितकं चांगलं. गिअर सगळ्यांत बारीक कापावर ठेवला होता. ढोरं भराभर खायची, मला समाधान वाटायचं. दिवाळीनंतर डेअरीच्या पावतीवर म्हशीचं फॅट सातच्या घरातून सहाच्या खाली आलं. मी सरकी ढेप वाढवली, तरी फरक पडेना. एका दुपारी बाबा म्हणाले, "अरे, म्हैस रवंथच नाही करून राहिली, पाय ना जरा." खरंच होतं. डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितलं. लांब चारा चघळताना लाळ सुटते आणि ती लाळ पोटातला आंबटपणा मोडते. भुग्यासारखी कुट्टी धड न चघळताच पुढे सरकते, रवंथ कमी होतो आणि दुधाचं फॅट उतरतं. गिअर बदलून काप इंचभर लांब केला, वर संध्याकाळी एक पेंडी अख्खी टाकायला लागलो. तीन आठवड्यांत फॅट जागेवर आलं. विकणाऱ्याने बारीक कापाचंच कौतुक केलं होतं, हे सांगायला हवं.

उन्हाळ्यात कडबा संपला तेव्हा भंडाऱ्याकडून धानाच्या तणसाचे यंत्राने बांधलेले गोल गठ्ठे आणले, एकेक वीस किलोच्या आसपास. गठ्ठा थेट यंत्राच्या तोंडात जात नाही. आधी दोरी काढून तणस मोकळं करावं लागतं आणि खरी काळजी इथेच घ्यायची. दोरी नायलॉनची असते. एकदा तिचा तुकडा आत राहिला, रोलरच्या दांड्याला गुंडाळला गेला आणि उरलेला कापून कुट्टीत आला. तो पूर्ण ढीग चाळून काढला. नायलॉन पोटात पचत नाही, त्याचा गोळा होऊन वाट बंद होते. आता प्रत्येक गठ्ठ्याची दोरी काढली की खुंटीला टांगतो, आणि खुंटीवरच्या दोऱ्या मोजल्याशिवाय मोटर सुरू करत नाही. तार किंवा खिळा असेल तर आणखी वाईट, तो जाळीपोटातून (जनावराच्या पोटाच्या एका कप्प्यातून) थेट हृदयापर्यंत घुसू शकतो. दोन गठ्ठे आतून ओले निघाले, पांढरी बुरशी होती. ते सरळ खतात टाकले.

नुसतं तणस फार निकस. चाऱ्याचा कस वाढवायची युरिया प्रक्रिया कापलेल्या तणसावर नीट बसते, हा यंत्राचा फायदा मला आधी माहीत नव्हता. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतो, दाबून ताडपत्रीखाली हवाबंद ठेवतो आणि एकवीस दिवसांनी उघडतो. खायला घालण्याआधी थोडा वेळ पसरून वास जाऊ देतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे अजिबात देऊ नका.

पाती पंधरा दिवसांनी घासावी लागतात. पातं आणि खालची पट्टी यांत फट पडली की धांडा कापला न जाता चेंबतो आणि मोटर कण्हायला लागते. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलेलं असताना चालवलं आणि कपॅसिटर गेला. आता पहाटेच उरकतो.

हाताबद्दल मात्र कळकळीने सांगतो. आमच्या गावात एकाची तीन बोटं अशाच यंत्राने नेली. रोलरने हात पकडला की ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. चाऱ्याची शेवटची मूठ हाताने ढकलू नका, पुढच्या चाऱ्याने सरकवा. चारा टाकायचं पन्हाळं मी हातभर लांब करून घेतलंय. गळ्यात दुपट्टा, सैल बाही, हातात कडं, काहीही नको. लेकरं अंगणात असली की मोटर बंद.

घ्यायचं ठरवलं असेल तर अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत थांबा. मी पोळ्याची घाई केली, बिल आधीच्या तारखेचं निघालं आणि अनुदान मिळालं नाही.